परत मागवलेलं सीताफळ आइस्क्रीम

मी निवृत्त झाले तरी माझी लॅब बंद झालेली नाही, असं आमचे हे म्हणतात. भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या दारात सकाळी कोणी ना कोणी वाटी घेऊन उभं असतं. "मॅडम, पनीर पाहा ना, जरासा वास येऊन राहिला." "ताई, परवाचं दही हाय, खाऊ का?" समोरच्या काकू तर एकदा खव्याचा अख्खा गोळा ताटात झाकून घेऊन आल्या होत्या. मी वास घेते, बोटाने दाबून पाहते आणि "कढी करून टाका" किंवा "फेका" असं काहीतरी सांगते. त्यांना वाटतं, माझ्या नाकात काही खास गोष्ट आहे.

खरं म्हणजे माझ्या नोकरीत नाकाचं काम फार थोडं होतं. ज्या जंतूंनी दूध नासतं, आंबतं, वास मारतं, ते तसे सरळ. आम्ही आलो आहोत हे ते सांगून टाकतात. माणसाला दवाखान्यात नेणारे जंतू मात्र बहुतेकदा वास देत नाहीत, रंग बदलत नाहीत, चवही बिघडवत नाहीत. पदार्थ छान लागतो, लेकरं दुसऱ्यांदा मागतात. त्या जंतूंना पकडायचं म्हणजे त्यांना आवडेल असं खाणं द्यायचं, ऊब द्यायची, आणि डोळ्याला दिसतील इतके वाढू द्यायचे. भिलाईबाहेरच्या एका खासगी डेअरीत मी आयुष्यभर हेच केलं. घरी मुलाला जेवू घालायला उशीर व्हायचा, पण जंतूंचं जेवण वेळेवर असायचं.

माझे वडील भंडाऱ्याकडून इथे पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले. कैंप-1 या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांत आम्ही वाढलो. शाळा हिंदीतून, मराठी घरातली. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय मी कॉलेजात घेतला तेव्हा आईने विचारलं होतं, "यात करतात काय?" मी म्हटलं, "किडे पाहतात." ती म्हणाली, "किडे पाहाले कॉलेजात कावून जा लागते? आपल्या नालीत पाह्य." पुढे मला नोकरी लागली तेव्हा तिनेच गल्लीभर पेढे वाटले, आणि ते आमच्याच डेअरीचे आहेत, हेही प्रत्येकाला सांगितलं.

या कामात सांगण्यासारखे दिवस फार नसतात. सगळं ठीक असलं की काहीच घडत नाही, आणि सगळं ठीक राहावं म्हणूनच आम्हाला पगार मिळतो. पण एक प्रसंग असा आहे की त्यातल्या माणसांची मी आजही ऋणी आहे. तो सांगते.

आमच्या डेअरीचं सीताफळ आइस्क्रीम त्या वर्षी खूप चाललं होतं. आमच्या छत्तीसगढात सीताफळ अमाप. हंगामात त्याचा गर काढून गोठवून ठेवायचा आणि उन्हाळ्यात आइस्क्रीममध्ये घालायचा. आइस्क्रीम कसं बनतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दूध, साय, साखर यांचं मिश्रण आधी चांगलं तापवतात. त्या तापात जंतू मरतात. मग ते थंड करून घुसळतात, गोठवतात. सीताफळाचा गर मात्र या सगळ्यानंतर घातला जातो, कारण तापवला की तो कडवट होतो. म्हणजे गरातून एखादा जंतू आला, तर त्याला मारायला पुढे कोणी उभं नाही. गोठल्याने तो मरेल असं लोकांना वाटतं. तो मरत नाही. पडून राहतो, आणि पोटाची ऊब मिळाली की उठतो.

तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आम्ही प्रत्येक घाण्याची, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाची, साधी तपासणी करून माल सोडत असू. साल्मोनेलासारख्या घातक जंतूची तपासणी ठरावीक दिवसांनी, काही घाण्यांची होई. ती वेळखाऊ असते. नमुना आधी एका रसात ठेवायचा, मग दुसऱ्या, मग काचेच्या बशीतल्या जेलीवर ओढायचा, आणि दरवेळी रात्रभर थांबायचं. तोवर माल दुकानात गेलेला असे.

बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तेरा एप्रिलला सकाळी मी इनक्युबेटर उघडला. सीताफळाच्या बशीवर गुलाबी ठिपके होते आणि प्रत्येकाच्या मधोमध काळं. माशाच्या डोळ्यासारखं. पुस्तकात साल्मोनेलाचं असंच चित्र असतं. मी ती बशी खिडकीपाशी नेली, परत आणली, दुसरी बशी काढली. तिच्यावरही तेच.

बशी हातात घेऊनच मी प्रॉडक्शन मॅनेजर तिवारीजींकडे गेले. तिवारीजी म्हणजे मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "मैडम, ये पक्का वही है?"

"पक्का नहीं है," मी म्हटलं. "ऐसा दिखने वाले दूसरे भी होते हैं, जो इतने बुरे नहीं. पक्का करने के लिए रायपुर भेजना पड़ेगा. दो-तीन दिन."

"तो दो-तीन दिन रुकते हैं. एक बार माल वापस बुलाया तो दुकानदार दोबारा फ्रीझर में जगह नहीं देगा. और बाद में रिपोर्ट निगेटिव आई तो?"

ते काही वाईट हेतूने बोलत नव्हते. त्यांच्या हाताखाली शंभरेक माणसं होती, आणि उन्हाळाच आमचा कमाईचा हंगाम. माल परत मागवणं, ज्याला आमच्या धंद्यात रिकॉल म्हणतात, म्हणजे स्वतःच्या तोंडाने जाहीर करणं की आमच्या मालात खोट आहे. ते ऐकलेलं लोक विसरत नाहीत. पुढे खोट निघाली नाही हे कोणी ऐकतच नाही.

आम्ही दोघं मालकांकडे गेलो. मालकांना सगळे भैयाजी म्हणत. जाड आवाजाचा, कमी बोलणारा माणूस. माझ्या लॅबमध्ये कधी पाऊल न ठेवलेला. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "आप गलत निकलीं तो?"

मी म्हटलं, "भैयाजी, मैं तो चाहती हूँ कि गलत निकलूँ. लेकिन सही निकली, तो तीन दिन में कितने बच्चे खा चुके होंगे?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी फोन पुढे ओढला आणि वितरकाचा नंबर स्वतः फिरवला. "सीताफल का पूरा माल उठाओ. हाँ, पूरा. हाँ, आज. कारण? कारण ये कि मैं बोल रहा हूँ." मग एकेका मोठ्या दुकानदाराला त्यांनी स्वतः फोन केला. मालकाने स्वतः फोन करणं आणि कारकुनाने करणं यात किती फरक पडतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. आजवर मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. ते मानू देत नसत. इथे मानते.

गाड्या निघाल्या. सिविक सेंटरच्या बाजारातल्या एका दुकानदाराने भांडण काढलं की फ्रीझर रिकामा दिसला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. एका बाईंनी घरातले डबे परत दिले, पण ते निम्मे खाल्लेले होते, आणि बदल्यात पूर्ण भरलेले मागितले. एक आजोबा म्हणाले, "आमच्या पोटात गेलेलं पण परत नेता का?" हे सगळं मला नंतर कळलं. कारण तेवढ्यात वितरकाने फोनवर सांगितलं होतं की सीताफळाचे कितीतरी खोके कालच कैंप-1 च्या बुद्ध विहारात गेलेत. उद्याच्या मिरवणुकीनंतर लहान मुलांना वाटायला.

भैयाजींनी फोन तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "वहाँ भी मैं बात करूँ?"

"नाही," मी मराठीतच बोलून गेले. "तिथे मी जाते."

मी स्कूटी काढली. तो माझाच मोहल्ला. त्याच विहारात मी लहानपणी गाणी म्हटली, वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं भाषण विसरून रडले. समितीचे अध्यक्ष गजभिये काका. प्लांटच्या कोक ओव्हन विभागातून निवृत्त झालेले, अंगाने आडदांड, मनाने हळवे, पण आधी ओरडणारे. वडिलांचे दोस्त. मी पोचले तेव्हा विहारासमोर निळ्या पताका बांधणं चाललं होतं, आणि आत भाड्याने आणलेला मोठा डीप फ्रीझर घरघरत होता.

"जय भीम काका," मी म्हटलं. "जरा बोलाचं होतं."

"बोल ना बाप्पा. तुह्या डेअरीचाच माल घेतला यंदा. आपली पोरगी तिथं हाय म्हून."

आता हे ऐकल्यावर तोंड कसं उघडायचं? मी डेअरीच्या भाषेत, ऑफिसच्या भाषेत बोलू लागले. म्हटलं, "काका, या मालात दोष निघाला. तो दूषित असण्याची शक्यता आहे. परत न्यावा लागेल."

काकांचा चेहरा बदलला. आजूबाजूची माणसं पताका सोडून जवळ आली.

"दूषित?" काका म्हणाले. "काल तर चांगला होता. आमच्या इथं आला आन् दूषित झाला? कोणाच्या हातानं झाला?"

मागून एक तरुण समितीवाला हिंदीत बोलला, "सिविक सेंटर से भी उठा रहे हो दीदी, या खाली हमारे यहाँ से?"

मी गोंधळले. वर्षानुवर्षं अहवालात लिहिलेला शब्द माझ्या तोंडून सहज निघाला होता, पण त्या अंगणात तो कसा ऐकू जाईल याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. त्या अंगणात उभी असलेली जुनी माणसं गावं सोडून आली होती, ती हाच शब्द वेगळ्या रूपात ऐकून. माझे वडीलही त्यांतलेच.

"सगळीकडून उचलून राहिलो," मी म्हटलं. "फोन करून विचार बाबू. ज्या दुकानात ओळख असंल तिथं विचार."

त्या मुलाने खरंच सिविक सेंटरमधल्या एका मित्राला फोन लावला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत उभे. तो "हाँ... हाँ... अच्छा" करत राहिला आणि मग म्हणाला, "वहाँ भी गाड़ी आई थी. पूरा फ्रीझर खाली कर दिया."

तरी काकांचा राग उतरला नाही. जयंती उद्यावर, गल्लीगल्लीतून पोरांना सांगून झालेलं. ते तरातरा आत गेले, फ्रीझरमधून एक कप काढला, झाकण फाडलं आणि म्हणाले, "हे पाह्य, मी खातो. काय होते ते पाहू. काल सांजच्याले आमच्या गाण्याच्या पोरीईनं खाल्लं, कोणाले काही झालं का?"

मी त्यांच्या हातातून कप ओढून घेतला. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हातातून. मग विचारलं, "काल कोणी खाल्लं काका? कोण कोण?"

"तालीम झाली, पोरी थकल्या होत्या. एक खोका मीच फोडला. आमची आरोही होती, अजून मोहल्ल्यातल्या पोरी होत्या. कावून?"

आरोही म्हणजे काकांची नात, शाळेत जाणारी. मी काही बोलण्याआधी मागून वच्छलामावशी पुढे आल्या. महिला मंडळाच्या त्या मुख्य. आमच्या लहानपणी शेजारच्या खोलीत राहत. आई कामावर असली की आम्ही भावंडं त्यांच्याकडे जेवत असू. पदर खोचलेला, हातात झाडू. सगळं त्या शांतपणे ऐकत होत्या.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "आमच्या गावी आमाले पाणी वरून वाढत. आमचा हात लागला का पाणी बाटते म्हणत. ते खोटं होतं. तू सांगून राहिली ते खरं हाय का?"

"खरं हाय मावशी." आता माझ्या तोंडून पुरती आपलीच बोली आली. "हे जंतू डोळ्याले दिसत नाही. मी काचेत वाढवून पाहिले, म्हून मले दिसले. पूरा पक्का रिपोर्ट यायचा हाय. पण जे दिसलं ते चांगलं नाही. इथं येऊन काही झालं नाही, माल डेअरीतूनच तसा निघाला. आमच्याकडून."

"तू खाशील?"

"नाही."

"तुह्या पोराले देशील?"

"नाही मावशी."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "मंग उचला रे खोके," त्या म्हणाल्या. "आपल्या लेकराईले कायले द्याचं?"

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. काका बाकड्यावर बसून राहिले, पण त्यांनी अडवलंही नाही. गाडी आली, पोरांनीच खोके भरून दिले. मी गाण्याच्या सगळ्या मुलींच्या आयांना बोलावलं. ताप, उलटी, जुलाब, पोटात मुरडा, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका, पाणी-मीठ-साखर देत राहा, दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला सीताफळ आइस्क्रीमचं नाव सांगा, असं एकेकीला म्हणायला लावलं. एक आई घाबरून रडू लागली. तिला मावशींनीच सावरलं.

आता उद्या मुलांना काय वाटायचं हा प्रश्न होता. मावशींनी तोही सोडवला. "कैऱ्या आल्या हायेत बाजारात. पन्हं करू. कैरी उकडाच लागते, पाणी पण उकळून घेऊ. मंग त तुह्या जंतूले जागा नाही ना?" मी म्हटलं, "नाही." दुपारी विहाराच्या मागे चुली पेटल्या. भर एप्रिलातलं भिलाईचं ऊन, त्यात चुलीचा जाळ. बायांनी पाण्याचे हंडे उकळले, फडकी बांधून गार केले. मी दुसरं काही नाही तरी ड्रम घासून दिले. कोणी मला नको म्हटलं नाही, हे माझ्या दृष्टीने पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली, पन्हं पुरून उरलं. पण स्टेजवर गजभिये काका नव्हते. गाण्याच्या रांगेत आरोही नव्हती. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "पहाटेपासून तापली हाय. दवाखान्यात नेली."

मी तशीच गेले. आरोही खाटेवर मुटकुळं करून पडली होती, हाताला सलाइन. ओठ सुकलेले. ड्युटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती. मी कोण ते सांगितलं आणि बशीवर काय दिसलं तेही. वाटलं, ही म्हणेल की तुम्ही तुमचं काम करा. पण ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि सगळं नीट विचारून घेतलं. "कल्चर भेज देती हूँ," ती म्हणाली, म्हणजे जंतू वाढवून पाहायला नमुना. "आपने बता दिया, नहीं तो मैं इसे लू समझती." गाण्याच्या आणखी दोघी मुलींना जुलाब सुरू झाले होते. त्यांना त्यांच्या आयांनी वेळ न घालवता आणलं होतं.

काका बाहेर व्हरांड्यात बसले होते. त्यांच्या शेजारी बसायचं धैर्य मला झालं नाही. मी समोर उभी राहिले.

"मीच खोका फोडला," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "माह्याच हातानं देल्लं तिले."

"तुमाले काय माहीत होतं काका? आमाले बी माहीत नव्हतं."

आतून आरोहीने पाणी मागितलं, तेव्हा दोघंही एकदम उठलो.

रायपूरचा अहवाल आला. साल्मोनेलाच होता. आरोहीच्या तपासणीतही तोच निघाला. मला बरं वाटलं म्हणणं चुकीचं होईल. एक लेकरू सलाइनवर असताना आपण बरोबर होतो याचा आनंद कसला? भैयाजींनी अहवाल वाचला, त्याची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "अच्छा हुआ, रुके नहीं." दवाखान्याचं सगळं त्यांनी पाहिलं आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतःहून बोलावलं. वर्तमानपत्रात आमचं नाव छापून आलं. काही दिवस लोक आमचं दूधही घेईनात. शहरात आणखी काही घरांत पोटं बिघडली होती. सगळी माणसं बरी झाली, म्हणून मी हे आज लिहू शकते.

परत आलेलं आइस्क्रीम कुठेही ओतून चालत नाही. नालीत गेलं तर जंतू नालीत जातात. तिवारीजींनी ते मोठ्या टाकीत वितळवलं, औषध घातलं आणि खड्ड्यात पुरलं. एवढी मेहनतीची साय मातीत जाताना तो माणूस तोंड फिरवून उभा होता.

जंतू आला कुठून, हेही तिवारीजींनीच शोधलं. ज्यांना माल परत मागवणं नको होतं, तेच आता मला गाडीत बसवून सीताफळाच्या गराच्या शेडवर घेऊन गेले. तिथे हंगामात गावातल्या बाया हाताने गर काढत. कोणीतरी आधीच म्हणून मोकळं झालं होतं की बायांचीच घाण असणार. आम्ही तिथल्या मुकादमबाईंशी बोललो. त्यांनी साबण दाखवला, नखं दाखवली, डोक्याला बांधायची फडकी दाखवली. "हमन तो हर घाँव हाथ धोथन मैडम," त्या म्हणाल्या. हात प्रत्येक वेळी धुतले जात होते. तिवारीजी शिडी लावून छतावर चढले. तिथल्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, आत पाली पडलेल्या. बाया हात धूत होत्या ते त्या पाण्याने. पालीच्या पोटात हा जंतू सुखाने राहतो. टाकीतल्या पाण्यात, गोठवून ठेवलेल्या जुन्या गरात, दोन्हीकडे तो सापडला. खाली उतरून तिवारीजींनी मुकादमबाईंना हात जोडले. मी त्यांना मशीन सोडून कोणाला हात जोडताना तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर घातक जंतूचा अहवाल आल्याशिवाय आइस्क्रीमचा एकही खोका डेअरीबाहेर गेला नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गराची आधी तपासणी होऊ लागली. गर तापवूनही पाहिला, पण चव कडू झाली, म्हणून सीताफळाचं आइस्क्रीम आम्ही बंदच केलं. त्याची आठवण काढणारे लोक मला अजून भेटतात आणि ते मीच बंद पाडलं असं समजून रागावतात. रागावू देत. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं, त्यासाठी तीन मुलींना सलाइन लावावी लागली, एवढी खंत मात्र जात नाही.

आरोही घरी आली, हिंडूफिरू लागली. शाळेच्या सुट्ट्या लागल्यावर एक दिवस काकांचा फोन आला. "संध्याकाळी जेवाले ये. जावईबापूले पण आण." दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. ह्यांना काही काम निघालं, मी एकटीच गेले.

जेवण झालं. आरोहीने मला तिची चित्रं दाखवली, पुन्हा गाणं म्हणून दाखवलं. हात धुऊन झाल्यावर काका म्हणाले, "बाहेर ये."

कैंपातल्या त्या अरुंद गल्लीत उन्हं उतरताना सगळी पोरं बाहेर असतात. क्रिकेट, पकडापकडी, सायकलीच्या टायरमागे धावणं, आरडाओरडा. काकांनी ओट्यावर मला शेजारी बसवलं आणि समोर बोट केलं.

"हा बॅटिंग करून राहिला तो मेश्रामचा. हा खाणार होता."

मला आधी कळलंच नाही.

"ती लाल फ्रॉकवाली, रामटेकेची धाकटी. ती खाणार होती. हे दोघं जुळे, त्यायच्या घरी आजीच हाय फक्त. हे खाणार होते. तो भिंतीवर बसला तो साहूचा पोट्टा, आपल्यातला नाही, पण दरसाल येते. तो खाणार होता." बोट फिरत राहिलं. "ते पाह्य, तो जाडा. तो त तीन खाणार होता. मागच्या साली त्यानं तीनच खाल्ले होते."

मी हसले आणि डोळे भरून आले. एवढी वर्षं मी हे काम केलं. जे आजारी पडले त्यांचीच नावं आम्हाला कळायची. जे पडले नाहीत त्यांची कुठे नोंदच नसते, मी कधी विचारही केला नव्हता की त्यांना तोंडं असतील, फ्रॉक असतील.

चेंडू आमच्या ओट्याखाली आला. रामटेकेची धाकटी धावत येऊन वाकली, चेंडू घेतला, माझ्याकडे पाहून उगाचच हसली आणि पळाली. काका अजून सांगतच होते, कोणाचा कोण, आणि मी प्रत्येकाकडे नीट पाहून घेत होते.